बर्माची तुळई

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीतलं एक जुनं घर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. उतरवणं वेगळं आणि पाडणं वेगळं, निदान आम्हा सुतारांसाठी. उतरवायचं म्हणजे आधी कौलं, मग रिपा, मग वासे, मग आढं, शेवटी तुळया आणि खांब. घर ज्या क्रमानं चढलं, त्याच्या उलट्या क्रमानं ते खाली घ्यायचं. नीट उतरवलेलं घर दुसऱ्या जागी पुन्हा उभं राहतं. मालकांना तिथे इमारत बांधायची होती. जेसीबीवाला म्हणत होता, दोन तासांचं काम आहे. मी मालकांकडून चार दिवस मागून घेतले.

मागून घेतले, कारण बारा वर्षांपूर्वी एकदा मागितले नव्हते. आमच्याच वाडीतलं घर, त्याच्या थोरल्या दाराची चौकट माझ्या आजोबांच्या हातची. मी सकाळी पोचलो तेव्हा चौकटीचे तीन तुकडे होऊन ट्रॉलीत पडले होते, वर चिरे टाकलेले, आणि ठेकेदार सरपणाचा भाव ठरवत होता. तेव्हापासून कुठलं जुनं घर पडणार असं कानावर आलं की मी आधी जाऊन उभा राहतो. त्यात पैसे सुटतातच असं नाही. राहवत नाही एवढंच.

या घराच्या माजघरावर एक तुळई होती. सोळा फूट लांब आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक गाठ नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलीच्या धुरानं काळी कुळकुळीत झालेली. टेम्पोतून आणून आमच्या पडवीत टाकली, वाकसानं वरचा थर तासला आणि रंधा फिरवला. पहिलं छिलपं गोल होऊन बाहेर आलं आणि पडवीभर वास सुटला. चांभाराच्या दुकानासमोरून जाताना येतो ना, त्याच्या जवळचा वास, थोडा तेलकट. एवढी वर्षं धूर खाल्लेलं लाकूड, आणि आत ते काल कापल्यासारखं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आता फारसं दिसत नाही. ते ओट्यावरून उठून आले, छिलपं हातात घेतलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी धरलं.

"ह्यो बर्मा हाय," म्हणाले. "आपल्या रानातला नाय. ह्येचं तेल बघ, बोटाक लागताय."

माझी लेक अकरावी झाली, सुट्टीत मला हाताशी असते. ती तुळईचं डोकं साफ करत होती. डोकं म्हणजे भिंतीत बसलेलं टोक. ते चुन्यानं माखलं होतं. तारेच्या ब्रशनं चुना निघाला तशी म्हणाली, "बाबा, इथे काहीतरी कोरलंय." दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा गोल ठसा होता, आत दोन अक्षरांचे फराटे, खाचांत अजून चुना. अण्णांनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

"घणाचा ठोका हाय तो. रानात वोंडक्याच्या तोंडावर मारतत, कोणाचा माल त्ये कळाया."

"कुठल्या रानात?"

"बर्मात."

"बर्मा म्हणजे ब्रह्मदेश ना? थिबा राजाचा?"

अण्णा काही बोलले नाहीत, मीही नाही. गेली तीस वर्षं मी साग तासतोय. बर्मा टीक म्हटलं की आमच्या धंद्यात आजही मान आदरानं लवते, गिऱ्हाईक दर विचारायच्या आधी हात लावून बघतं. आणि थिबा पॅलेस, म्हणजे इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं तो वाडा, त्याच्यावरून तर हजार वेळा गेलो असेन. ही दोन टोकं एकमेकांशी जोडायचं माझ्या कधी मनात आलं नाही. त्या शनिवारी काम बंद ठेवलं आणि आम्ही दोघं मोटरसायकलवरून निघालो.

पावसकडून येताना भाट्याच्या पुलावर रत्नागिरी एकदम समोर उघडते. डाव्या हाताला समुद्र, लांबवर किल्ल्याचा डोंगर आणि त्यावरचा दीपस्तंभ. उजव्या हाताला काजळी नदीची खाडी आणि तिच्या वर, सड्याच्या कडेला, थिबाचा राजवाडा. किल्ला समुद्रात पुढे घुसलेला आणि राजवाडा खाडीवर मागे बसलेला. ऊन चढायच्या आत किल्ला बघायचा असं लेकीनं ठरवलं होतं.

रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे. डोंगराचा आकार घोड्याच्या नालेसारखा. आत भगवतीचं देऊळ, लांबच्या टोकाला दीपस्तंभ, आणि तटावर उभं राहिलं की खाली मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्या रंगीत पेट्या मांडल्यासारख्या दिसतात. बांधकाम मूळ बहामनी काळातलं, मग आदिलशाहीकडे गेलं, आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतलं. पुढे आंग्र्यांचं आरमार या किनाऱ्यावर फिरत होतं तेव्हा हा किल्ला त्यांचा. मी तटाच्या जांभ्यावर तळवा टेकवला. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येईल इतका मऊ असतो, वारा लागला की वर्षागणिक घट्ट होत जातो. लाकडाचंही चांगल्या हातात तसंच होतं. भगवतीला नारळ ठेवला आणि दहाच्या सुमारास खाली उतरलो.

राजवाड्यापाशी मात्र मी दुपारपर्यंत हललो नाही.

बाहेरून तो कोकणातल्याच एखाद्या दांडग्या घरासारखा वाटतो. लाल रंग, उतरती छपरं, तीन मजले. बघायच्या आहेत त्या खिडक्या. अर्धगोल कमानीच्या, ओळीनं, वर लाकडी नक्षी. येणारी माणसं त्या खिडक्यांसमोर उभी राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. माझी त्यांच्याकडे एकच विनंती आहे. एकदा जवळ जा आणि कमानीचा बाक बघा. लाकडाचे धागे सरळ धावतात, कमान वळते. एका फळीतून अख्खी कमान कापली तर जिथे धागा आडवा येतो तिथे ती कधी ना कधी तडकणार. म्हणून सुतार कमान तुकड्यातुकड्यांनी करतो. प्रत्येक तुकडा असा निवडायचा की धागा वळणाच्या जमेल तितका बरोबर राहील, मग कुसू काढून, खाच पाडून ते एकात एक बसवायचे. तुकडे किती, सांधे कुठे, हे डोळ्याला कळता कामा नये. मी एका खिडकीशी थांबून नख फिरवलं. सांध्याची रेघ नखाला लागली, डोळ्याला दिसली नाही. शंभराहून अधिक पावसाळे झाले त्या सांध्याला. कोकणातला पाऊस म्हणजे चार महिने लाकूड फुगणार आणि पुढचे आठ महिने आकसणार. तरी तो सुटलेला नाही. ज्यांनी तो बसवला त्यांचं नाव तिथे कुठेही नाही.

लेक विचारत होती, "पण बाबा, राजाला इथे आणलं का?"

जेवढं मला माहीत होतं तेवढं मी तिला पहिल्या मजल्यावरच्या नृत्यदालनात सांगितलं. तिथली फरशी संगमरवरी आहे, भर उन्हात पायाला गार लागते. आम्ही भिंतीशी उभे होतो.

थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला. तेव्हा खालचा ब्रह्मदेश इंग्रजांकडे होता आणि वरचा राजाकडे. उत्तम साग वरच्या रानांत. मुंबईत १८६३ मध्ये निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी राजाकडून रानाचा मक्ता घेऊन ओंडके खाली रंगूनला आणायची. १८८५ मध्ये राजाच्या दरबारानं कंपनीवर आरोप ठेवला की ओंडके नेले जास्त आणि सांगितले कमी, आणि तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. फ्रेंचांशी राजाची जवळीक वाढतेय ही इंग्रजांची धास्ती होतीच, त्यात हे निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये आगबोटींतून फौज इरावतीवरून वर आली. लढाई अशी फारशी झालीच नाही. दोन आठवड्यांत, २८ नोव्हेंबरला, मंडाले पडलं. दुसऱ्या दिवशी सव्वीस वर्षांच्या राजाला राणी सुपयालतसह बैलगाडीत बसवून नदीवर आणलं आणि बोटीत चढवलं. १ जानेवारी १८८६ ला तो सगळा मुलूख इंग्रजी राज्यात सामील झाल्याचं जाहीर झालं.

"म्हणजे लाकडावरनं?" लेक म्हणाली.

लाकडावरनंच असं कुठला अभ्यासू माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण ओंडक्यांची मोजदाद हे त्या भांडणाचं कागदावरचं कारण होतं एवढं खरं आहे, आणि ओंडके मोजायची खूण म्हणजे तोंडावर मारलेला घणाचा ठसा. आमच्या पडवीतला ठसा कुणाचा, कुठल्या वर्षाचा, ते काही त्यावर लिहिलेलं नाही. पण लेकीच्या तोंडून ते वाक्य आलं तेव्हा मला त्या खाचांत भरलेला चुना आठवला.

बर्माचा साग रानातून कसा येतो ते अण्णांनी मला लहानपणी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाड आधी तोडतच नाहीत. बुंध्याभोवती साल आणि वरचं लाकूड गोल कोरून टाकतात आणि झाड तसंच उभं सोडून देतात. दोन-तीन वर्षं ते उभ्या उभ्या वाळतं, हलकं होतं. मग तोडायचं, हत्तींकडून ओढून ओढ्यात आणून टाकायचं आणि पावसाची वाट बघायची. ओढ्याला पूर आला की ओंडके मोठ्या नदीत, तिथे त्यांचे तराफे बांधायचे आणि मग महिनोन् महिने वाहत खाली बंदराकडे. उभ्या उभ्या वाळणाऱ्या त्या झाडाची गोष्ट मला लहानपणी झोपू द्यायची नाही. राजवाड्यात फिरताना ती पुन्हा आठवली.

कारण थिबा आणि त्याचं कुटुंब इथे तीस वर्षांहून जास्त होतं. आधी मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. आजची रत्नागिरी डोळ्यांसमोर आणू नका. कोकण रेल्वे यायला अजून शंभरावर वर्षं होती. जायचं-यायचं ते आगबोटीनं, आणि पावसाळा लागला की आगबोट बंद. घाटाखालच्या त्या गावात समुद्रच कुंपण होता. ज्या समुद्राच्या जिवावर रत्नदुर्ग उभा राहिला, त्याच समुद्राची इंग्रजांनी या माणसासाठी भिंत केली. सकाळी तटावर उभा होतो तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हा राजवाडा तर बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे आधीची चोवीस वर्षं सरकारनं दिलेल्या बंगल्यांत गेली. जवळचे दागिने, माणकं थोडी थोडी विकत राजानं संसार चालवला. चार मुली होत्या. थोरल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासमध्ये, चौथी इथे रत्नागिरीत. देश न बघितलेली राजकन्या. धाकटी राणी १९१२ मध्ये इथेच वारली आणि राजा डिसेंबर १९१६ मध्ये. नव्या वाड्यात त्याला सहा वर्षं मिळाली. १९१९ मध्ये सुपयालत राणीला मुलींसह ब्रह्मदेशात परतायची परवानगी मिळाली, तीही रंगूनपर्यंतच. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. वाड्यावरच्या दरवानाशी तिचं मन जुळलं होतं, त्याच्यापासून तिला मुलगी झाली होती. राजकन्या १९४७ मध्ये इथेच वारली. तिची मुलगी पुढे आपल्यातलीच होऊन राहिली, मराठी बोलत, रत्नागिरीकरांच्या शेजारात. ही गोष्ट आमच्याकडे कुणी हसत सांगितली तर अण्णा त्याला गप्प करायचे.

मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे. तिथे लेक बराच वेळ उभी राहिली. मी खिडकीतून खाडी बघत होतो.

एक गोष्ट प्रत्येक रत्नागिरीकराला ठाऊक असते, पण वाड्यात उभं राहून आठवली की अंगावर येते. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना नेलं मंडालेला. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, टिळक आळीतलं ते घर अजून आहे. तो तुरुंग मंडालेच्या किल्ल्याच्या आत, म्हणजे थिबाच्याच तटाच्या आत. बराकी लाकडी दांड्यांच्या, पिंजऱ्यासारख्या, ऊन-वारा-धूळ सगळं आरपार. त्या पिंजऱ्यात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीनं गीतारहस्य लिहून काढलं. आणि त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीतल्या या वाड्यात नव्यानं सामान लावत होता. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी घरं बदलून घ्यायला हवी होती." मग तिचे डोळे भरले. तिनं तोंड फिरवलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

आणखी एक गोष्ट मला तिला सांगायची होती, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. मंडालेचा राजवाडा अख्खा सागाचा होता. मार्च १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात बाँबफेक झाली तेव्हा तो जळून गेला. आज तिथे आहे तो नंतर उभारलेला. पण मूळ वाड्याचा एक भाग शाबूत आहे. थिबाचे वडील मिंदोन राजे ज्या दालनात वारले, ते दालन थिबाला वाड्यात नकोसं झालं. त्यानं ते उतरवलं. पाडलं नाही, उतरवलं. खांब, तुळया, कोरीव फळ्या, सगळं सोडवून तटाबाहेर नेलं आणि तिथे पुन्हा उभं करून भिक्षूंना मठ म्हणून देऊन टाकलं. तटाच्या आतलं सगळं जळालं तेव्हा ते बाहेर होतं, म्हणून वाचलं. श्वेनंदॉ त्याचं नाव. आज आतबाहेर नक्षीनं भरलेला तो सागाचा मठ बघायला जगभरची माणसं जातात. मी त्याचे फोटो मोबाइलवर कितीतरी वेळा मोठे करून बघितले आहेत, खांब कुठे सोडवला असेल, सुरुवात कुठल्या फळीपासून केली असेल, हे शोधत. जायची ऐपत होईल तेव्हा होईल. पण ज्या सुतारांनी ते दालन न तडकवता उतरवलं, त्यांना मी मनातून गुरू मानतो.

संध्याकाळी परत फिरायच्या आधी शिवाजीनगरात थिबाच्या समाधीवर गेलो. धाकट्या राणीचीही समाधी तिथेच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष इथवर आले होते, तेव्हा पेपरात फोटो होता. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. लेकीनं किल्ल्यावर घेतलेली अबोलीची वेणी पर्समधून काढून पायरीवर ठेवली. सुकली होती थोडी.

घरी आलो तर अण्णा पडवीत तुळईवरच बसले होते.

"कसो हाय राजाचो वाडो?"

"आजोबा, खिडक्यांचे सांधे अजून सुटले नाहीत," लेक म्हणाली. अण्णांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

त्या तुळईची आता पावसमधल्या एका घरासाठी थोरल्या दाराची चौकट होतेय. आजोबांनी केली होती तशीच, खालचा उंबरठा जाड. करवत लावायच्या आदल्या रात्री लेकीनं ठशावर वहीचा कागद धरला आणि माझ्या कानावरची पेन्सिल घेऊन वरून घासली. फराटे उमटले. एक अक्षर बी असावं असं ती म्हणते, मला ते आठ वाटतं. सकाळी मी आखायला बसलो तेव्हा अण्णा काठी टेकत आले आणि टोकापासून वीतभर अंतरावर बोट ठेवलं.

"हिथनं काप," म्हणाले.

मी तिथून कापली. तो वीतभर तुकडा पडवीच्या खांबाशी ठेवलाय. अण्णा सकाळी चहा घेताना कप त्याच्यावर ठेवतात.